आफ्रिकेतला कौटुंबिक चित्रपट आपल्या गावात दाखवायचा असेल तर: पहिल्या खेळाची तयारी

वाचनालयाचा हॉल मिळतो, शाळेचा प्रोजेक्टर मागता येतो, आणि महिन्यातून एकदा चांगला चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहावा असं चार-पाच जणांच्या मनात आहे. अशा बैठकीत इराणी, कोरियन, जपानी चित्रपट सुचवणारे लगेच भेटतात. आफ्रिकेचं नाव काढलं की प्रश्न येतो, "आपल्या लोकांना ते कळेल का?" माझं मत अगदी उलट आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाला सगळ्यात लवकर जवळचा वाटेल असा परदेशी सिनेमा आज आफ्रिकेतल्या घरांच्या गोष्टी सांगतोय. दवाखान्याचा खर्च, पळून जाऊन केलेलं लग्न, त्यापायी तुटलेलं घर, पोराच्या शिक्षणाची ओढाताण, गावाकडच्या वाट्यावरून भाऊबंदकी. यातलं काय समजावून सांगावं लागणार आहे?

तयारी मात्र लागते. ही सगळी माहिती असा खेळ पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी आहे. सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. परवानगी आणि सबटायटल्स ही दोन कामं वेळ खातात, बाकीचं आठवड्याभरात उरकतं.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या

आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे. एका चित्रपटातून तो दाखवता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. पोस्टरवर "आफ्रिकेचं दर्शन" लिहिलंत की प्रेक्षक घरातली माणसं सोडून खंड शोधत बसतो, आणि चर्चेत "तिकडे असंच असतं" हे वाक्य आलंच म्हणून समजा. त्यापेक्षा एक शहर, एक भाषा, एक घर एवढंच बोला. "जिबूतीतल्या एका कुटुंबाची गोष्ट" असं म्हटलं की माणसं गोष्ट ऐकायला येतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धोरणावर बेतलेल्या आहेत.

चित्रपट निवडणं

पहिल्या खेळासाठी माझी निवड 'द ग्रेव्हडिगर्स वाइफ' (२०२१). दिग्दर्शक खादर आयदेरूस अहमद. जन्म सोमालियातल्या मोगादिशूचा, किशोरवयात फिनलंडला गेलेले. चित्रपट घडतो पूर्व आफ्रिकेतल्या जिबूती शहरात, भाषा सोमाली, लांबी फक्त ८२ मिनिटं. गुलेद कबरी खणण्याचं काम करतो. फावडी घेऊन तो आणि त्याचे सोबती इस्पितळाबाहेर बसून असतात, कोणी गेलं की काम मिळतं. घरी त्याची बायको नसरा मूत्रपिंडाच्या आजाराने खंगत चालली आहे. ऑपरेशनला पाच हजार डॉलर लागणार, म्हणजे आपले चार लाखांच्या वर. दोघांनी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध पळून लग्न केलेलं, त्यामुळे गावाकडे तोंड दाखवायची सोय नाही. आणि मदत मागायची तर गावाकडेच. महाद नावाचा मुलगा आहे, शाळेपेक्षा रस्त्यावर जास्त रमणारा.

कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच वर्षी वागाडुगूच्या फेस्पाको चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, येनेंगाचा सोनेरी घोडा. फेस्पाको १९६९ पासून बुर्किना फासोत भरतो आणि आफ्रिकी चित्रपटांसाठी त्याचा मान मोठा आहे. ऑस्करसाठी सोमालियाच्या वतीने पाठवलेला पहिला चित्रपटही हाच. तरी बोलावण्यात पुरस्कारांना एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका. नव्या प्रेक्षकाला पुरस्कारांची यादी वाचली की "हे आपल्यासाठी नसावं" असं वाटू लागतं.

हा चित्रपट मी पुढे करतो त्याचं कारण नवरा-बायकोतलं प्रेम. गरिबी दाखवणारे चित्रपट बरेच वेळा माणसांना नुसतं सोसायला लावतात. गुलेद आणि नसरा एकमेकांची थट्टा करतात, एकमेकांकडे टक लावून बघतात, लग्नाला इतकी वर्षं होऊनही एकमेकांत गुंतलेले आहेत. प्रेक्षकाला आधी ती दोघं आवडतात, मग त्यांची काळजी वाटू लागते.

तुमचा प्रेक्षक वेगळा असेल तर निवडही वेगळी करा. लहान मुलं आणि आई-वडील एकत्र येणार असतील तर केनियाचा 'सुपा मोडो' (२०१८, दिग्दर्शक लिकॅरियन वाइनाइना) पाहा. जो नावाच्या मुलीला असाध्य आजार आहे, तिला सुपरहिरो व्हायचंय, आणि सगळं गाव तिच्यासाठी चित्रपट करायला उभं राहतं. सव्वा तासाचा खेळ. पण घरात नुकतंच आजारपण किंवा मरण झालेलं असेल अशा पालकांना आधी कल्पना द्या. धरणात जमीन गेलेल्या गावात खेळ असेल तर लेसोथोचा 'धिस इज नॉट अ ब्युरियल, इट्स अ रेझरेक्शन' (२०१९, लेमोहांग जेरेमाया मोसेसे) आहे. ऐंशी वर्षांची मांतोआ, तिच्या माणसांच्या कबरी, आणि त्यावर चढणारं धरणाचं पाणी. संथ आहे, पण कोयनेच्या किंवा उजनीच्या विस्थापितांना त्यातलं एकही दृश्य परकं वाटणार नाही. फिल्म सोसायटीचा मुरलेला प्रेक्षक असेल तर किन्शासातल्या एका गायिका-आईची गोष्ट सांगणारा आलँ गोमिस यांचा 'फेलिसिते' (२०१७) किंवा लागोसमधला, एसिरी बंधूंचा 'एयीमोफे' (२०२०). झांबियाच्या रुंगानो न्योनी यांचा 'ऑन बिकमिंग अ गिनी फाउल' (२०२४) हा घरातल्या लैंगिक अत्याचाराबद्दल आहे. फार मोलाचा चित्रपट, पण पहिल्या खेळाला आणि मिश्र प्रेक्षकाला नको. तो मोठ्यांसाठी, आधी विषय स्पष्ट सांगून लावायचा.

काहीही निवडा, आयोजकांपैकी निदान दोघांनी तो सुरुवातीपासून शेवटच्या नामावलीपर्यंत आधी पाहिलेला असला पाहिजे. वयोमर्यादा इंटरनेटवर वाचून ठरवू नका, पाहून ठरवा.

परवानगी

या पायरीला अनेक जण बगल देतात. देऊ नका. "आपण कुठे तिकीट लावतोय" हे कारण पुरत नाही. ओटीटीचं वर्गणीचं खातं घरगुती वापरासाठी असतं, त्यावरून हॉलमध्ये खेळ लावता येत नाही. डाउनलोड केलेल्या प्रतीबद्दल तर बोलायलाच नको. छोट्या देशातल्या दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट अशा लहानसहान मानधनावरही उभा राहत असतो. त्याच्या कामावर प्रेम असेल तर त्याचा हक्क आधी द्यायचा.

दोन वेगळ्या परवानग्या आहेत, त्यांची गल्लत होते म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली परवानगी हक्कधारकाची. चित्रपटाच्या शेवटच्या नामावलीत निर्मितीसंस्था आणि जागतिक विक्री करणारी कंपनी यांची नावं असतात. त्यांना साधा ईमेल करा. त्यात गावाचं नाव, तारीख, हॉलमधल्या खुर्च्या, प्रवेश मोफत की सशुल्क, एकच खेळ की जास्त, कोणत्या स्वरूपात प्रत हवी आणि आयोजक संस्था कोण हे सगळं पहिल्याच पत्रात लिहा. संस्थेबद्दल दोन प्रामाणिक ओळी पुरतात. "विना-नफा, एकच खेळ" हे शब्द ठळक ठेवा, कारण त्यावरून दर ठरतो. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहा. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे. दर परवडत नसेल तर आपली मर्यादा स्पष्ट सांगा, बरेचदा ते ऐकतात. युरोत पैसे पाठवायचे तर बँक कागदपत्रं मागते, त्यासाठी वेगळा आठवडा धरा.

एक जवळची वाट आहे. आँस्तित्यू फ्रान्से या फ्रान्सच्या सांस्कृतिक संस्थेकडे 'सिनेमातेक आफ्रिक' नावाचा आफ्रिकी चित्रपटांचा मोठा संग्रह आहे आणि त्यातले चित्रपट त्यांच्या सांस्कृतिक जाळ्यामार्फत विना-व्यावसायिक खेळांसाठी मिळू शकतात. मुंबई आणि पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच केंद्रांना जाऊन भेटा, नुसता ईमेल टाकून थांबू नका. 'सुपा मोडो' जर्मन सहनिर्मिती असल्याने त्यासाठी मॅक्स म्यूलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्रात विचारून पाहावं.

दुसरी परवानगी आपल्या सरकारची. भारतात चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. परदेशी चित्रपटाला ते नसेल तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवावी लागते. पहिल्यांदाच खेळ लावणाऱ्यांनी हे एकट्याने करायला जाऊ नये. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न असलेली जवळची फिल्म सोसायटी गाठा आणि खेळ तिच्या सोबत, तिच्या सदस्यांसाठी लावा. फेडरेशन १९५९ पासून काम करतंय, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष होते. महाराष्ट्रात मुंबईच्या प्रभात चित्र मंडळापासून अनेक शहरांत सोसायट्या आहेत आणि नव्या माणसाला मदत करणारी मंडळी त्यात आहेत.

शाळा-महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठी वेगळी तरतूद आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो. पण प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असावे लागतात. फाटक उघडून गाव आत घेतलं की ही सवलत संपली.

मराठी सबटायटल्स

माझा सगळ्यात जास्त आग्रह या पायरीसाठी आहे. सोमाली चित्रपट इंग्रजी सबटायटल्सवर दाखवलात तर निम्मा हॉल गोष्टीच्या बाहेर राहतो. आजी, मावशी, भाजीवाले काका, आठवीतली पोरं. कौटुंबिक चित्रपट दाखवायचा आणि कुटुंबातल्या दोघांनाच कळायचा, हे बरोबर नाही. हक्कधारकाला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा, "आम्ही मराठी सबटायटल्स करू का? तयार झाल्यावर तुम्हालाही देऊ." बहुतेकांना ते आवडतं.

ते इंग्रजी सबटायटल्सची एसआरटी फाइल देतात. ती साधी मजकुराची फाइल असते, ओळ आणि तिची वेळ. 'सबटायटल एडिट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकेक ओळ मराठीत करायची. रोज संध्याकाळी दोन तास बसणारी दोन माणसं असतील तर ८२ मिनिटांचा चित्रपट दोन-तीन आठवड्यांत होतो. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ फाइल न बघता फक्त मराठी वाचत चित्रपट पाहायचा. तो जिथे अडखळेल ती ओळ बदलायची.

लिहिताना काही गोष्टी पाळा. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ३२ ते ३५ अक्षरं. दोन भरलेल्या ओळी पडद्यावर पाच-सहा सेकंद राहिल्या पाहिजेत. वयस्कर माणसं सावकाश वाचतात. सगळं भाषांतर करायची गरज नाही. चेहऱ्यावरून कळतंय ते शब्दांत पुन्हा सांगू नका.

कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो हे पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा, कारण इंग्रजी फाइल त्यात काहीच मदत करत नाही. माझ्या मते गुलेद आणि नसराने एकमेकांना "तू" म्हणावं. प्रेमविवाह आहे, थट्टामस्करीचं नातं आहे, "अहो" तिथे परकं वाटतं. महाद बापाला "बाबा, तुम्ही" म्हणतो की "बाबा, तू" हे तुमच्या भागातल्या घराघरांत काय बोलतात त्यावर ठरवा, पण एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. गावच्या वडीलधाऱ्यांसमोर गुलेद "तुम्ही"वर यायलाच हवा. शहरात ताठ मानेने बोलणारा माणूस तिथे खाली बघून बोलतोय, हे मराठीत एका सर्वनामाने पोचतं. इंग्रजी प्रेक्षकाला ही सोय नाही.

आता तांत्रिक बाजू. फाइल यूटीएफ-८ (UTF-8) या एन्कोडिंगमध्ये जतन करा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतील. फॉन्ट 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' (Mukta), पांढरं अक्षर, काळी कड. चित्रपट प्रोजेक्टरला पेनड्राइव्ह लावून चालवू नका. प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरला बरेचदा देवनागरी जोडता येत नाही, वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे जातात. लॅपटॉपवरून व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये चालवा आणि "ऱ्या", "ट्र", "क्ष" असलेल्या ओळी पडद्यावर डोळ्यांनी तपासा.

वाचताच न येणारे प्रेक्षक असतील तर? युगांडातल्या व्हिडिओ हॉलमध्ये व्हीजे म्हणून ओळखले जाणारे कथनकार असतात, चालू चित्रपट ते माइकवरून लुगांडात रंगवून सांगतात, आणि तिथल्या लोकांना ते फार आवडतं. मारामारीच्या चित्रपटाला ते शोभतं. गुलेद-नसराच्या गोष्टीत शांतता मोलाची आहे, म्हणून इथे ते टाळावं. अशा प्रेक्षकांना आधी दहा मिनिटं बाजूला घेऊन पहिल्या अर्ध्या तासाची गोष्ट सांगा आणि ओळी वाचून दाखवेल अशा माणसाशेजारी बसवा.

हॉल, पडदा, आवाज

सपाट जमिनीचा हॉल आणि खाली येणाऱ्या ओळी, यांचं जमत नाही. पुढच्याच्या डोक्यामागे सबटायटल्स लपतात. म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान साडेचार-पाच फूट वर घ्या आणि मागच्या रांगेतली खुर्ची पुढच्या दोन खुर्च्यांच्या फटीसमोर ठेवा. पुढे सतरंजी घालून मुलांना खाली बसवलं तर आणखी चांगलं. कुठलाही हॉल ठरवण्याआधी त्यात शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसून बघा, उभं राहून नव्हे.

प्रोजेक्टर तीन हजार ल्युमेनच्या वरचा असावा, आणि दिवस मावळल्यावरच खेळ लावा. दुपारी खिडक्यांना चादरी लावून काळोख होत नाही. पटांगणात लावणार असाल तर मे महिन्यात पावणेआठच्या आधी सुरू करू नका आणि पडदा खालूनही दोरीने ताणून बांधा, वाऱ्याने चेहरे हलतात. साधी एचडीएमआय केबल पंधरा मीटरच्या पुढे दगा देते; लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि लांब वायर आवाजाची घ्या.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. सोमाली कळत नाही म्हणून आवाज कसाही चालेल असं समजू नका. नसराचा थकलेला श्वास, इस्पितळाबाहेरची कुजबुज, यावर अर्धा चित्रपट उभा आहे. सभेचे भोंगे नकोत. दोन बऱ्या स्पीकरांची जोडी पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर. फाइल ५.१ आवाजाची (म्हणजे सहा स्पीकरांसाठी केलेली) असेल तर प्लेअरमध्ये आउटपुट स्टिरिओ करा. नाहीतर कधी कधी संगीत मोठं आणि बोलणं गायब असं होतं.

वीज गेली तर लॅपटॉप चालतो, प्रोजेक्टर बंद पडतो. त्यामुळे यूपीएस किंवा इन्व्हर्टर प्रोजेक्टर आणि स्पीकरसाठी लागतो. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात त्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद राहणार आहे का विचारून ठेवा. जनरेटर आणलात तर तो मोकळ्यावर, हॉलच्या खिडक्यांपासून लांब ठेवा. 'एयीमोफे'मध्ये एका घरावर जनरेटरच्या धुराने संकट कोसळतं.

आदल्या दिवशी पूर्ण चित्रपट त्याच यंत्रांवर, त्याच हॉलमध्ये चालवा. पहिली पाच मिनिटं नव्हे, पूर्ण. लॅपटॉपचे अपडेट, सूचना, झोपेची वेळ बंद करा. प्रत दोन पेनड्राइव्हवर ठेवा.

बोलावणं

तारीख बघताना परीक्षा, लग्नसराईचे मोठे मुहूर्त, गणपती आणि भारताचा क्रिकेट सामना टाळा. रमजानच्या संध्याकाळीही खेळ लावू नका. हे मुसलमान कुटुंबाचं चित्र आहे, आपल्या गावातल्या मुसलमान घरांनी ते पाहायला यावं असं तुम्हाला वाटलं पाहिजे. २५ मे हा आफ्रिका दिन, १९६३ मध्ये आदिस अबाबात आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली त्याची आठवण. तेव्हा आपल्याकडे सुट्ट्या असतात, जमलं तर चांगली तारीख आहे.

पोस्टरवर चित्रपटातलंच छायाचित्र घ्या, हक्कधारक ते देतात. सिंह, ढोल, सूर्यास्तातलं बाभळीचं झाड यांचा या घराशी संबंध नाही. दिग्दर्शकाचं नाव पूर्ण छापा. सोमाली नावात स्वतःचं, मग वडिलांचं, मग आजोबांचं नाव येतं, आडनाव नसतं. नुसतं "अहमद" छापलंत तर आजोबांचं नाव छापल्यासारखं होतं.

व्हॉट्सअॅपवर फिरवायचा मजकूर असा काही असावा: "बायकोच्या ऑपरेशनसाठी पैसे उभे करणाऱ्या एका माणसाची गोष्ट. जिबूती शहर, सोमाली भाषा, मराठी सबटायटल्स. ८२ मिनिटं, नंतर चहा आणि गप्पा. आजारपणाची दृश्यं आहेत. सातवीच्या पुढच्या मुलांना आणू शकता." पण हॉल भरतो तो फिरलेल्या मजकुराने नाही. बचत गटाच्या ताई, वाचनालयाचे ग्रंथपाल, रिक्षा स्टँड, सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका यांना प्रत्यक्ष जाऊन सांगा. जन आरोग्य योजनेच्या कामात असलेले आरोग्यमित्र तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना आग्रहाने बोलवा, का ते पुढे येतंच.

पुण्यात आणि आणखी काही शहरांत आफ्रिकेतल्या अनेक देशांचे विद्यार्थी शिकायला असतात. त्यांना नक्की बोलवा, पण प्रेक्षक म्हणून. नायजेरियाच्या मुलीला जिबूतीबद्दल दोन शब्द बोलायला उभं करू नका. मिझोरामच्या मुलाला केरळबद्दल विचारण्यासारखं आहे ते. सोमाली बोलणारं कोणी असेल तर आधी भेटून विचारा: उच्चार तपासून द्याल का, बोलायला आवडेल का? नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा, आणि चांगली जागा राखून ठेवा.

खेळाची संध्याकाळ

तास-दीड तास आधी सगळं जोडून ठेवा. पहिल्या दृश्यावर चित्र थांबवा, आवाजाची पातळी आदल्या दिवशीच्या खुणेपेक्षा थोडी वर ठेवा, कारण भरलेला हॉल आवाज पितो. दाराशी एक माणूस बसवा, उशिरा येणाऱ्यांना तो बॅटरीने जागा दाखवेल.

प्रास्ताविक तीन मिनिटं, त्याहून एक मिनिटही जास्त नको. जिबूती कुठे आहे: लाल समुद्राच्या तोंडाशी, एडनच्या समोर, १९७७ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झालेला छोटा देश. भाषा कोणती. पात्रांची तीन नावं. मोबाइल बंद. बस्स. कथा सांगू नका, "हा चित्रपट तुम्हाला अंतर्मुख करेल" असलं काही बोलू नका, आणि पाहुण्यांचे सत्कार करायचेच असतील तर दुसऱ्या दिवशी करा.

मध्यंतर घेऊ नका. ८२ मिनिटं माणूस बसतो. शेवटची नामावली पूर्ण जाऊ द्या, दिवे एकदम लावू नका. काहींना डोळे पुसायला तेवढा वेळ हवा असतो.

चहा मात्र हवाच. सोमाली घरांतही वेलची, दालचिनी, लवंग घातलेला दुधाचा चहा असतो, त्याला ते शाह म्हणतात. तसाच करा, सोबत समोसा ठेवलात तर तोही तिथल्या सांबूसाचा सख्खा भाऊ.

गप्पा

बेनिन, बुर्किना फासो, माली, नायजर अशा देशांत 'सिनेमा न्युमेरिक आँब्युलाँ' नावाचा फिरता सिनेमा गावोगावी पडदा लावतो, आफ्रिकी चित्रपट दाखवतो आणि लोकांना बोलतं करतो. सेनेगलचे उस्मान सेंबेन कादंबऱ्या लिहीत होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचायचं म्हणून ते चित्रपटाकडे वळले. सिनेमा ही लोकांची रात्रशाळा आहे असं ते मानत. चित्रपट संपल्यावर बोलायला बसणं ही तिकडे जुनी रीत आहे, ती पाळूनच खेळ पूर्ण होतो.

खुर्च्या गोलात वळवा. सूत्रसंचालकाने स्वतःचं मत शेवटपर्यंत मागे ठेवावं. "चित्रपट कसा वाटला?" हा प्रश्न विचारू नका, त्यावर "छान" यापलीकडे काही येत नाही. नेमकं विचारा. गुलेद गावाकडे जातो तेव्हा घरच्यांनी त्याच्याशी केलेलं वागणं तुम्हाला पटलं का? महादच्या जागी तुमचा मुलगा असता तर त्याला घरातलं किती सांगितलं असतं? नसरा स्वतः काय मागते, आणि तिला कोणी विचारतं का? मग थांबा. पहिल्या अर्ध्या मिनिटाची शांतता भरून काढायची घाई करू नका.

बायकांना पहिली संधी द्या. एरवी पहिले तीन बोलणारे पुरुष निघतात आणि मग चर्चा त्याच रुळावरून जाते.

आजारपणाचे खर्च हा विषय निघाला की माणसं स्वतःच्या घराबद्दल बोलू लागतात. गहाण टाकलेली गुंठाभर जमीन, विकलेली म्हैस, दवाखान्याच्या दारात घेतलेलं कर्ज. ते थांबवू नका. तिथे आरोग्यमित्र बसलेले असतील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, कोणती कागदं लागतात, हे त्यांना विचारता येतं. एखाद्या घराचा त्याच संध्याकाळी उपयोग झाला तर मला तो चित्रपटाचा अपमान वाटत नाही.

कोणी "आफ्रिकेत लोक असेच जगतात" किंवा "त्यांच्या धर्मात असंच असतं" म्हणालं तर भांडू नका, पण सोडूनही देऊ नका. "चित्रपटात हे कुठे दिसलं?" एवढं विचारा. बहुतेक वेळा बोलणारा परत गुलेदच्या घरात येतो. पुढेही तेच चालू राहिलं तर माइक शांतपणे दुसऱ्याकडे द्या. पाऊण तासात गप्पा संपवा, म्हणजे शेवटची एसटी चुकणार नाही.

दुसऱ्या दिवशीपासून

खुर्च्या, सतरंज्या, स्पीकर परत करा, हॉल झाडून द्या. पुढच्या वेळी हॉल मिळणं यावर अवलंबून असतं. आठवड्याच्या आत हक्कधारकाला पत्र लिहा: किती प्रेक्षक आले, चर्चेत काय निघालं, दोन-तीन जणांचे शब्द त्यांच्या परवानगीने भाषांतर करून, आणि हॉलचं एक छायाचित्र. सोबत मराठी सबटायटल्सची फाइल जोडा, भाषांतर करणाऱ्यांची नावं त्यात घाला. मिळालेली प्रत ठरल्याप्रमाणे पुसून टाका आणि पुसल्याचं कळवा. कोणी कितीही आग्रह केला तरी ती पुढे देऊ नका.

मग सबटायटल्स करणाऱ्या दोघांना विचारा की पुढचा चित्रपट त्यांना कोणत्या देशातला हवा. एवढं काम त्यांनी केलं आहे, तेव्हा पुढची निवड त्यांच्याकडे द्यावी.